हॉस्पिटलमधल्या पेशंटवर पीएच.डी. करायची आहे, फेलोशिप कुठली धरू? (शिराळा, जि. सांगली)

शिराळकरीण:

नमस्कार. मी शिराळा तालुक्यातली. शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. सीएसआयआर-नेट (विज्ञानातली संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा) लाइफ सायन्समधून दिली, तर 'फक्त पीएच.डी. प्रवेश' या तिसऱ्या गटात नाव आलं. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) हुकली.

विषय डोक्यात पक्का आहे. आमच्याकडं पावसाळ्यात भातात, उसात घोणस चावते. लस वेळेवर मिळाली की माणूस वाचतो, पण काहींची किडनी त्यानंतर बसते. मामांचं तसंच झालं, डायलिसिसवर ठेवून कसेबसे बाहेर काढले. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं की किडनी बिघडल्याचं कळतं, पण ते उशिरा वाढतं. लघवीतलं एनजीएएल नावाचं प्रथिन त्याच्या आधी वाढतं. ते आणि अजून दोन-तीन मार्कर पहिल्या काही तासांत मोजून कुणाची किडनी धोक्यात आहे हे आधी सांगता येईल का, हे मला बघायचंय. साप बाटलीत घालून नाही, खरे पेशंट घेऊन.

सध्या दोन गोष्टी समोर आहेत. एका अभिमत विद्यापीठात प्रवेश मिळतोय, पण फी भरायची आणि स्टायपेंडचं 'नंतर बघू' म्हणतात. दुसरीकडं एका हॉस्पिटलच्या प्रोजेक्टमध्ये 'जेआरएफ' म्हणून एक वर्षाची जागा आहे, सर म्हणतात पीएच.डी. मागाहून लावू. आत्या म्हणते बी.एड. कर आणि गप्प बस.

प्रोजेक्टमधली जेआरएफ आणि फेलोशिप हे एकच का? आणि मी डॉक्टर नाही, तर असल्या कामाला मला कोण पैसे देईल?

कृष्णाकाठ:

२०२३ च्या हिवाळी अधिवेशनात अजित पवारांनी विचारलंच होतं की, पीएच.डी. करून काय दिवे लावणार म्हणून. शिराळ्याच्या पोरीनं घोणशीवर लावले तर आम्हाला आवडेल.

माझं मत विचारशील तर प्रोजेक्ट धर. महिन्याला पैसे हातात येतील, आत्याचं तोंड बंद होईल, नेटचा अभ्यास संध्याकाळी करता येईल.

तासगावची:

कृष्णाकाठ, असा सल्ला देऊ नका ओ. संध्याकाळी अभ्यास करायला प्रोजेक्टवाली माणसं संध्याकाळी घरी कुठं असतात?

शिराळकरीण, मी पुण्यात क्षयरोगाच्या पेशंटवर पीएच.डी. करतेय, शेवटच्या टप्प्यात आहे. जरा लांबड लावणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तुझा पहिला प्रश्न. फेलोशिप तुझ्या नावावर असते. प्रोजेक्टमधली जेआरएफ ही गाइडच्या प्रोजेक्टमधली एक जागा असते, त्यावर आज तू आहेस, उद्या दुसरी असेल. प्रोजेक्ट संपला की जागा संपली. सरांशी बिनसलं तर बाहेर तू पडणार. स्वतःची फेलोशिप असली की परवानगी काढून ती दुसऱ्या लॅबमध्ये नेता येते, आणि हे माहीत असल्यामुळं समोरचा माणूसही जरा नीट बोलतो. हा फरक पगारापेक्षा मोठा आहे.

गोंधळ होतो तो आकडा सारखा दिसतो म्हणून. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला (म्हणजे पुढच्या सीनिअर फेलोशिपला) ४२,००० आहेत, वर घरभाडं. घरभाडं गावाच्या वर्गावर ठरतं. पुणे-मुंबईला ३० टक्के, सांगली-मिरजेला २०, कराडला १०. म्हणजे त्याच ३७ हजारांवर पुण्यात ११,१००, मिरजेत ७,४०० आणि कराडात ३,७००. हॉस्टेलची खोली मिळाली की हे बंद. आणि तुझ्या त्या एक वर्षाच्या जागेचं पत्र नीट वाच. जेआरएफ या पदाला नेट किंवा गेटसारखी राष्ट्रीय परीक्षा लागते. तोंडी सगळे 'जेआरएफ' म्हणतात, पत्रात 'प्रोजेक्ट असोसिएट' निघतं आणि पैसे कमी. पत्रात जे लिहिलंय तेच खरं.

'पीएच.डी. मागाहून लावू' हे तर अजिबात ऐकू नकोस. नोंदणी ज्या तारखेला होते त्या तारखेपासून तुझं सगळं मोजलं जातं. राज्याच्या फेलोशिपा नोंदणीच्या तारखेपासून मिळाव्यात म्हणून मुलं आझाद मैदानावर बसली होती, उगाच नाही.

आता तुझ्या विषयातली खरी अडचण, जी कुठल्याही माहितीपत्रकात नसते. फेलोशिप महिन्यांनी मोजतात आणि तुझे पेशंट येणार पावसाळ्यात. पाच वर्षांची फेलोशिप म्हणजे पहिली दोन जेआरएफची, मग समिती काम बघते आणि पुढची तीन एसआरएफची. आता धर, तुझी नोंदणी जानेवारीत झाली. कोर्सवर्क लागलं. एथिक्स कमिटीपुढं (पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) प्रस्ताव एप्रिलात गेला, त्यांनी शंका काढल्या, तू उत्तरं दिलीस, मंजुरी ऑगस्टात आली. संमतीपत्र मराठीत छापून, उणे ८० च्या फ्रीजरमध्ये एक खण मिळवेपर्यंत दसरा. पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात नमुने गोळा केलेस आणि लगेच समितीपुढं उभी राहिलीस, तर हातात काय? बर्फातल्या नळ्या. माझ्याकडं क्षयरोगाचे पेशंट बारा महिने येतात, म्हणून एखादा महिना हुकला तरी चालून जातं. तुझा महिना हुकला की वर्ष गेलं.

म्हणून उलटीकडून आखणी कर. आधी डॉक्टर शोध, जो सहमार्गदर्शक होईल. प्रस्ताव त्याच्या नावानं, तुला सहसंशोधक दाखवून, दिवाळीच्या आसपास कमिटीकडं जाऊ दे. नोंदणीची वाट बघायची गरज नाही. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदलेली आहे ना हे विचार, २०१९ च्या नियमांनंतर ते लागतंच. मंजुरी आली की पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (पेशंटवरच्या अभ्यासांची देशपातळीवरची ऑनलाइन नोंदवही) अभ्यास नोंदवून टाक. तुझ्यासारख्या नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाचीही नोंद तिथं होते, आणि पुढं पेपर छापताना संपादक पहिलं तेच विचारतात. हे सगळं मे अखेरपर्यंत झालं पाहिजे. मग फेलोशिप कधी सुरू होते ते होऊ दे.

दुसरी गोष्ट किटची. सगळे स्टायपेंड विचारतात, किटचं कुणी विचारत नाही. हे मार्कर एलायझा चाचणीनं मोजतात, तिच्या प्लेटीत ९६ खण. स्टँडर्ड आणि ब्लँक दुहेरी लावले की १६ गेले. उरले ८०, तेही दुहेरी, म्हणजे एका प्लेटीत ४० नमुने. एका पेशंटचे तीन वेळचे नमुने घेतलेस तर एका प्लेटीत जेमतेम १३ पेशंट, आणि हे एका मार्करचं. सीएसआयआरच्या फेलोला किरकोळ खर्चासाठी वर्षाला २०,००० मिळतात. यूजीसीच्या विज्ञानवाल्यांना पहिली दोन वर्षं १२,००० आणि नंतर २५,०००. बाहेरून येणारं चांगलं एनजीएएलचं किट त्यात बसत नाही. म्हणजे गाइडकडं किंवा डॉक्टरकडं वेगळं अनुदान पाहिजेच. पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न हाच: "सर, किट कुठल्या पैशातून?" याचं उत्तर 'होईल गं' असं आलं तर दुसरा गाइड बघ.

आता फेलोशिपांकडं येते. मी जात विचारत नाही, दाखले विचारतेय: कुठला दाखला आहे, नॉन-क्रिमीलेअर आहे का, व्हॅलिडिटी झालीय का, आणि भाऊ-बहीण आहे का? ते सांग, मग नेमकं बोलू. तोवर सगळ्यांना लागू पडणारं:

सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते, पुन्हा दे. तिसऱ्या गटाचा निकाल वाया जात नाही, त्यावर पीएच.डी. प्रवेश मिळतो, ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० मुलाखतीला, पण तो एकच वर्ष चालतो. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली असशील तर केंद्राची इन्स्पायर फेलोशिप आहे. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एसआरएफही देते, पण ती आधी संशोधन केलेल्यांना, आत्ता तुझ्या उपयोगाची नाही. पंतप्रधान संशोधन फेलोशिपचा आकडा बघून डोळे फिरतात, पहिली दोन वर्षं ७०,०००, मग ७५,०००, शेवटची दोन ८०,०००, वर वर्षाला दोन लाख संशोधनाला. पण ती आयआयटी, आयआयएससी, आयसर अशा ठिकाणी. तिथं विषाचं काम उत्तम होतं, पण तुला पेशंट पाहिजेत, ते जिथं साप चावतो तिथंच असणार.

अभिमत विद्यापीठाचं 'नंतर बघू' मला आवडलं नाही. काही विद्यापीठं स्वतःचा स्टायपेंड खरंच देतात, फीही सोडतात. तसं असेल तर प्रवेशपत्रावर लिहून द्या म्हण. लिहून देत नाहीत, तर बघणार नाहीत.

मिरजेचा फिजिशियन:

वरची ताई बरोबर सांगते आहे. दोन-तीन गोष्टी आमच्या बाजूनं.

'मी डॉक्टर नाही' याची काळजी नको. एमबीबीएसवर सीएसआयआर-नेट देता येते, पण आमच्यातलं कोण देतंय? पीजीची सीट लागली की संशोधन म्हणजे एम.डी.चा थीसिस, तोही शेवटच्या सहामाहीत. नोकरीतले डॉक्टर अर्धवेळ पीएच.डी. करतात, त्यांना फेलोशिप नसते, ती पूर्णवेळवाल्यांनाच. त्यामुळं वॉर्डात दिवसभर उभं राहून नमुन्यामागं पळणारा माणूस आमच्याकडं नसतोच. तो तुझ्यासारखा बाहेरून यावा लागतो. रक्त रेसिडेंट काढेल, औषध आम्ही ठरवू, तू पेशंटच्या उपचारात पडायचं नाहीस. नळी कधी भरली, कधी फिरवली, कधी फ्रीजरमध्ये गेली, ही वही मात्र तुझी.

साइट निवडताना भावनेत जाऊ नकोस. तुला मिरज सोयीचं वाटेल, पण शिराळ्याचा पेशंट मिरजेला क्वचित येतो. तो कराडला जातो नाहीतर कोल्हापूरला सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला. शिवाय सर्पदंश एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) असतो, कागद वाढतात, आणि बरेचजण आधी गावातल्या बाबाकडं जाऊन मग येतात, त्यामुळं 'चावल्यापासून पहिले काही तास' हे तुझं वाक्य प्रस्तावात जपून लिही. 'दाखल झाल्यापासून' असं ठेव आणि चावल्याची वेळ वेगळी नोंदव. मागच्या दोन-तीन वर्षांची नोंदवही बघून घोणशीचे किती आले, त्यातल्या कितींची किडनी गेली, हे आधी मोज. आकडा कमी आला तर दोन हॉस्पिटलं घ्यावी लागतील, म्हणजे दोन एथिक्स कमिट्या. हे मे महिन्यात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

साप कुठला हे नातेवाईक सांगतात त्यावर जाऊ नये. घोणशीच्या विषानं रक्त गोठेनासं होतं, म्हणून वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सगळ्यांची झाली पाहिजे, आणि ती काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत. प्लॅस्टिकच्या नळीत केलेली मी मान्य करत नाही. आमच्याकडंही कधीकधी नळी धुवून ओलीच वापरतात, मग रक्त न गोठणाऱ्यांची संख्या उगाच फुगते.

पैशाचं म्हणाल तर हा विषय आता पूर्वीइतका अनाथ नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये छापून आला, तेव्हा दिल्लीत जाग आली. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे. आयसीएमआरच्या मुंबईच्या संस्थेनं डहाणूला या विषयावर गावपातळीवर काम केलंय, ते वाच. प्रस्तावात हे चार ओळींत आलं की अनुदान मागणं सोपं जातं. मृत्यू मोजणारे पुष्कळ आहेत. वाचले पण किडनी गेली, त्यांची मोजदाद कमी होते, तुझा मुद्दा तो ठेव.

आणि गाइडकडं जागा आहे का ते विचार. २०२२ च्या नियमानं प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी. काहीजण भरलेले असूनही 'ये, करू काहीतरी' म्हणतात.

शिराळकरीण:

ताई, सर, खूप आभार. नोंदवहीचं डोक्यातच नव्हतं.

ताई, दाखल्याचं: आम्ही धनगर. एनटी-क चा दाखला आहे, व्हॅलिडिटी अकरावीला असतानाच काढलेली. नॉन-क्रिमीलेअर संपलंय, काढायचंय. एक भाऊ आहे, धाकटा. विद्यापीठात पहिली नाही आले.

प्रोजेक्टच्या सरांना पत्र मागितलं. त्यात पद 'प्रोजेक्ट असिस्टंट' लिहिलंय.

तासगावची:

बघ. ते पत्र मागितलं नसतंस तर जून उजाडला असता.

भाऊ आहे म्हणजे यूजीसीची सावित्रीबाई फुले एकल कन्या फेलोशिप गेली. नायगावची पोर सातारा जिल्ह्यातली, तिच्या नावाची फेलोशिप आपल्या मुलींनी घ्यावी असं मला फार वाटतं, पण अट अट आहे, एकुलती एक किंवा जुळ्या बहिणी. इन्स्पायरही गेली.

तुझ्यासाठी दोन दारं. राज्यात तू भटक्या जमातीत येतेस, म्हणून महाज्योती ही राज्याची संस्था. तिथं महात्मा जोतिबा फुले संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी, आणि तिला पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते. केंद्रात मात्र धनगर ओबीसीच्या यादीत आहेत, म्हणून ओबीसींची राष्ट्रीय फेलोशिप. ती नेटच्या निकालावर चालते, त्यामुळं पुढच्या नेटचा फॉर्म भरताना रकान्यात ओबीसी नॉन-क्रिमीलेअर नीट भर. इथं मुली नेहमी अडकतात: एनटी-क असा रकाना केंद्राच्या फॉर्मवर नसतो, मग घाबरून खुल्या गटातून भरतात. एकाच वेळी दोन फेलोशिपा घेता येत नाहीत, पण अर्ज दोन्हीकडं करायला कुणी अडवत नाही.

हप्ता दर महिन्याला येईल असं धरून चालू नकोस. हजेरी, प्रगती अहवाल, घरभाड्याचा दाखला, गाइडची सही, मग विद्यापीठात एकजण भरणार आणि दुसरा तपासणार. त्यातला एक रजेवर गेला की सगळे थांबतात. सुरुवातीचे चार-सहा महिने चालतील एवढे पैसे बाजूला ठेव, किंवा घरी आधीच सांगून ठेव. आमच्याकडं द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून कधी येतील सांगता येत नाही, त्यामुळं माझ्या बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

प्रोजेक्ट असिस्टंटची जागा तरीही घ्यायची असेल तर एकाच कारणासाठी घे: त्या हॉस्पिटलात सर्पदंशाचे पेशंट येत असतील आणि तो काळ एथिक्सचा प्रस्ताव लिहिण्यात जाणार असेल. नाहीतर नको.

कृष्णाकाठ:

मी आपला सल्ला मागं घेतो. आमच्या बँकेत संशोधक पोरं येतात, खात्यात सहा महिने काही नाही आणि मग एकदम दोन-अडीच लाख. आम्हाला आधी वाटायचं काहीतरी भानगड आहे.

शिराळकरीण:

हो, नोंदवही बघायला कराडला पुढच्या आठवड्यात जातेय, एका मॅडमनी हो म्हटलंय. नोंदी बघायलाही एथिक्सची परवानगी लागेल का?

आणि ओबीसीचा दाखला म्हणजे माझ्या एनटीच्या दाखल्यावर चालणार नाही का? वेगळा काढायचा?

मिरजेचा फिजिशियन:

नावं, पत्ते उतरवून घेणार असशील किंवा पुढं कुठं छापणार असशील तर लागेल. प्रस्तावापुरता अंदाज घ्यायचा असेल तर मॅडमनाच मोजून नुसते आकडे द्यायला सांग: वर्ष, महिना, घोणस की इतर, डायलिसिस लागलं की नाही. तू वही हातात घेऊ नकोस. मुख्य अभ्यासासाठी जुन्या नोंदी वापरायच्या असतील तर त्या त्याच प्रस्तावात घाल, वेगळा फेरा वाचेल.

तासगावची:

वेगळा काढायचा. केंद्राचा नमुना वेगळा असतो, राज्याचा एनटीचा दाखला आणि राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तिथं चालत नाही. तहसीलला अर्ज करताना 'केंद्र सरकारच्या नमुन्यात' असं स्पष्ट सांग, नाहीतर सेतूतला माणूस सवयीनं राज्याचाच भरतो. राज्याचं नॉन-क्रिमीलेअरही त्याच खेपेत काढ, महाज्योतीला लागेल. उत्पन्नाचे तीन वर्षांचे कागद, शाळा सोडल्याचा दाखला, व्हॅलिडिटीची प्रत बरोबर ने. आणि मार्च-एप्रिलात जाऊ नकोस, आर्थिक वर्ष बदललं की दाखल्यावरचं वर्ष जुळत नाही म्हणून परत पाठवतात.